लाल म्हणजे डावा

"आलात एकदाचे!"

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिने त्याला जवळजवळ अडवलंच. खांद्याला हत्यारांची पिशवी, हाताला ग्रीसचे डाग, जिना चढून लागलेली धाप... दुकानातून येणारा मेकॅनिक याहून वेगळा काय असतो? सकाळपासून ती दाराशी कान लावून बसली होती. तो काही बोलणार, तोच तिने दार सताड उघडलं.

"स्टिरिओ आत आहे. बूट इथं काढा. आणि हे बघा – कानांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बाबा आतल्या खोलीत आहेत."

त्याने एकदा खाली जिन्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बूट काढले.

नवा स्टिरिओ घरात येऊन नऊ दिवस झाले होते, आणि तो काही हौसेने आला नव्हता. बाबांचे कान चालले होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं – फार तर दोन-तीन महिने, मग कानात यंत्र घालूनही उपयोग नाही. घरात आईच्या आवाजाची एकच कॅसेट होती. आई गेली तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची, तिला तो आवाज आठवतही नव्हता. तो ओळखणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि कॅसेट लावली की ते मान हलवायचं. "ही ती नव्हे गं. पोकळ वाटतं. कुठून तरी मागून बोलल्यासारखं."

दुकानाची माणसं दोनदा येऊन गेली. मशीनपाशी उभं राहून त्यांनी चार बटणं फिरवली आणि दुसऱ्या खेपेला निर्वाळा दिला, "मशीन ठणठणीत आहे ताई, काकांचे कान दाखवा." नेमकं तेवढं बाबांना स्वच्छ ऐकू गेलं. काल त्यांनी कॅसेट स्वतःच्या हाताने डबीत घातली होती.

"आधीच सांगते," ती त्याला म्हणाली, "मशीन ठणठणीत आहे म्हणालात तर चहा मिळणार नाही."

"आणि बिघाड सापडला तर?"

"तर दोन कप."

"मग सापडायलाच हवा," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

तिने कॅसेट लावली. एक तरुण बाई शांतपणे वाचत होती, "पालक स्वल्पविराम मुळा स्वल्पविराम गाजर, कंसात लाल, कंस पुरा..."

त्याच्या ओठांवर हसू आलं. "हे काय आहे?"

"बियाण्यांची यादी. बाबा छापखान्यात जुळारी होते – शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आई तिथंच मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, म्हणजे बाबांना छापलेला कागद ताडून बघता यायचा. माझ्या वेळी तिला अंथरुणातून उठायची बंदी होती, म्हणून तिने घरूनच कॅसेटवर वाचून पाठवलं."

"आणि हेच तुम्ही रोज लावता?"

"तिचं दुसरं काही नाहीये."

त्याचं हसू विरलं. दुकानाच्या माणसांनी हे ऐकून एकमेकांना डोळा मारला होता. हा मात्र खाली मान घालून यादी ऐकत राहिला. तेवढ्यावरच तो तिला आवडला, आणि आपल्याला असं काही वाटावं याचं तिला नवल वाटलं.

"काका कुठे बसतात?"

दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, मधोमध, वेताची खुर्ची होती. तो तिच्यात बसला. दोन ओळी ऐकल्या आणि उठला. "तुम्ही बसा."

"बाबांच्या खुर्चीत? छे!"

"नऊ दिवसांत एकदाही नाही बसलात?"

ती बसली – अवघडून, अगदी कडेला. मशीनपाशी उभं राहून जो आवाज भरदार वाटायचा, तो इथं पार विरून गेला होता. बाई होती, पण समोर नव्हती. डोक्यामागून कुठून तरी कुजबुजत होती.

"म्हणजे... बाबा खरं सांगत होते." तिचे डोळे भरून आले. "आणि मी त्यांच्या कानांना दोष देत होते."

त्याने एक स्पीकर बंद केला, आवाज छान. मग तो सुरू करून दुसरा बंद केला, तरीही छान.

"एकेकटे दोघंही शहाणे. एकत्र आले की एकमेकांचं तोंड दाबतात."

"नवरा-बायकोसारखे?"

"मला अनुभव नाही," तो घाईने म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्हाला?"

"मलाही... नाही."

त्याचे कान लाल झाले. ते लपवायला तो लगबगीने स्पीकरमागे वाकला, आणि तिथूनच म्हणाला, "सापडलं! प्रत्येक वायरीत दोन तारा आहेत. रेघवाली तार लाल चापात जायला हवी, साधी काळ्यात. उजवीकडे उलटं झालंय. हा स्पीकर आवाज पुढे ढकलतो, तेव्हा तो मागे ओढतो. मधे बसणाऱ्याच्या वाट्याला काही उरतच नाही. कोणी जोडलं?"

"मी. मशीनपाशी चित्र बघून जोडलं. स्पीकरला चित्र नव्हतं, म्हणून डाव्याची रेघवाली तार लाल चापात घातली, उजव्याची काळ्यात. लाल म्हणजे डावा, काळा म्हणजे उजवा, हे कुणालाही कळतं!"

"कुणालाही?"

ती बोलता बोलता थांबली. दाराशी गेली आणि बाबांचे बूट उचलून आणले. डाव्या बुटाच्या काठाला लाल दोऱ्याचा टाका होता.

"बाबांचं आयुष्य उलटी अक्षरं वाचण्यात गेलं. त्यांना डावं-उजवं कळायचं नाही, बूट उलटे घालून कामावर जायचे. मग आईने घरातल्या प्रत्येक डाव्या वस्तूला लाल दोरा घातला. पुढे मीही घालत राहिले... मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं."

तो हसला नाही. तार बदलली आणि म्हणाला, "काकांना बोलवा."

बाबा यायला तयार नव्हते. शेवटी तोच आत गेला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काका, तुमचे कान खरे होते. तार उलटी होती."

बाबा येऊन खुर्चीत बसले. कॅसेट सुरू झाली, आणि आई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. पालक स्वल्पविराम मुळा स्वल्पविराम... बाबांचा उजवा हात आपोआप उठला आणि हवेतून खिळे उचलू लागला. यादी संपली. आवाज जरासा खाली आला. "समाप्त पूर्णविराम. आता जेवून घ्या पूर्णविराम."

"जेवलो गं," बाबा म्हणाले.

तिला हुंदका आवरेना. आपल्या आईचा आवाज असा होता तर.

"हीच ती," बाबा डोळे पुसत म्हणाले. मग तार कशी उलटी झाली ते कळल्यावर रडता रडताच हसले. "तिच्याच दोऱ्याने तिचं तोंड बांधलंस की पोरी!"

एवढ्यात जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "अहो लिफ्टवाले! लिफ्ट सुरू करताय, की वरच संसार थाटलात?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही... लिफ्टवाले?"

"सांगणारच होतो," तो पिशवीचा पट्टा चाचपत म्हणाला. "पण तुम्ही 'आलात एकदाचे' म्हणालात. आजवर कुणी माझी अशी वाट पाहिली नव्हती. लोक लिफ्टची वाट पाहतात."

"आणि तारांचं कसं कळलं?"

"लिफ्टला तार उलटी लागली, तर वर जायचं बटण दाबूनही ती खालीच जाते. उलटी तार मी झोपेतही ओळखीन."

लिफ्ट सुरू करून तो परत आला. दोन कप चहा प्यायला, बाबांच्या शेजारी बसून अख्खी यादी पुन्हा ऐकली. ती मात्र तेवढा वेळ दाराशी सुई घेऊन बसली होती.

निघताना त्याने बूट घातले आणि एकदम थबकला. डाव्या बुटाच्या काठाला लाल टाका होता.

"पण मला डावं-उजवं कळतं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे." तिची नजर वर उठत नव्हती. "हा दोरा... आमच्या घरातल्या माणसांच्या बुटांना असतो."

कितीतरी वेळ तो नाडीच बांधत राहिला.

"मग आज... स्वल्पविराम?"

"स्वल्पविराम," ती म्हणाली.

दुरुस्त केलेली लिफ्ट समोर दार उघडून उभी होती. तो जिन्याने उतरला, प्रत्येक वळणावर मागे वळून बघत.