गुरुवारची साखर

“माझ्यावर संशय घ्यायला आल्या असाल तर रांगेत उभ्या राहा,” सिस्टर म्हणाली. “सकाळपासून सगळे तेच करताहेत.”

तपासनीस बाईंनी न विचारता खुर्ची ओढली. त्यांच्याबरोबर दाजी होते, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त चित्रकला शिक्षक. वही सांभाळणं आणि उशिरा समजणं ही दोन कामं ते मन लावून करत.

डॉक्टरीणबाईंनी कळवलेलं प्रकरण असं होतं. गरोदर बायकांच्या या दवाखान्यात सिस्टर प्रत्येकीला दार लावून विचारायची, घरी कोणी मारतं का, पूर्वी कधी मारलंय का. सात महिन्यांच्या एका बाईनं हो म्हटलं. गुरुवारी संध्याकाळी नवऱ्यानं तिचा डावा हात पिरगाळून मोडला, आणि पिरगाळताना एकच विचारत राहिला, दवाखान्यात काय सांगितलंस?

आता ती पडद्यामागच्या खाटेवर होती. चुगली सिस्टरनंच केली अशी तिची खात्री होती, म्हणून पोलिसांच्या कागदावर ती सही करेना आणि निवाऱ्याच्या अर्जावरही नाही. पाच वाजता नवरा तिला घरी न्यायला येणार होता. घड्याळात चार वाजले होते.

“उत्तरांचे कागद कुठे असतात?”

“त्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. हो म्हणणारीला गुरुवारी समुपदेशक बाईंकडे बोलावते. घरच्यांना कळू नये म्हणून कार्डावर लिहिते, ‘उपाशीपोटी साखर’. घरी जातं ते फक्त कार्ड. तीन वर्षांत कुणाला वास लागला नाही. हिचा तर हा दुसराच गुरुवार.”

“मग रक्त घेता?”

“कशाला? आधी काय कमी टोचलेलं असतं त्यांना?” सिस्टर फणकारली. “त्या खिडकीतल्याला विचारा. नवऱ्याच्याच गल्लीत राहतो तो.”

खिडकीतला नोंदणी कारकून आधीच भडकलेला होता. “गल्लीत राहतो म्हणून मी चोर? ते कपाट आतून कसं दिसतं हेसुद्धा मला माहीत नाही. उलट त्या बाईनंच मला ताप दिला. गुरुवारी सकाळी आली आणि माझ्या खिडकीसमोर भडभडून ओकली. पोटभर खाल्लेलं सगळं बाहेर. फडकं मीच मारलं. सिस्टरनं नुसतं बघितलं आणि तिला आत नेलं.”

दाजींनी वहीत लिहिलं, ‘कारकून तापट. लक्ष ठेवावे.’

बाहेरच्या बाकावर सासू बसली होती. दाजींनी चहा पुढे केला, तसा तिनं हात झटकला.

“साखरेचा चालत नाही मला. अकरा वर्षं झाली. उपाशीपोटी रक्त द्या, खाऊन दोन तासांनी पुन्हा द्या. बोटांची चाळण झाली.”

“सुनेलाही साखरेसाठीच बोलावलं होतं ना?” बाईंनी विचारलं.

“कार्डावर तसं होतं. मीच आणली दोन्ही वेळा. गुरुवारी पाण्याचा घोटसुद्धा घेऊ दिला नाही. नियम म्हणजे नियम. आणि हात घसरून पडल्यानं मोडलाय, लिहून घ्या.”

दाजींनी खरंच लिहून घेतलं. बाईंनी वही मिटवली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

“चुगली कुणीच केली नाही,” त्या मुद्दाम पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या. “कागद कपाटातून हललाच नाही. दाजी, उपाशीपोटीच्या तपासणीला कोणी खाऊन आलं तर?”

“हाकलून देतात. मला दोनदा हाकललंय.”

“हिला हाकललं नाही. सगळ्यांच्या देखत ओकली, पोट भरलेलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी सिस्टरनं तिला आत घेतलं, कारण रक्त घ्यायचंच नव्हतं.”

सिस्टरचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. “हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“तुमच्या नाही. पण अकरा वर्षं बोटं टोचून घेणाऱ्या माणसाच्या येईल. पहिल्या गुरुवारी सून परत आली तेव्हा हातावर टोचल्याची खूण नव्हती. तिथे शंका आली. दुसऱ्या गुरुवारी परीक्षा घेतली. सुनेला गळ्यापर्यंत जेवू घातलं आणि दवाखाना परत पाठवतो का ते बाहेरच्या बाकावर बसून पाहिलं. पाठवलं नाही, म्हणजे साखर नुसतं निमित्त, आत सून काहीतरी सांगते. आणि आम्हाला मात्र सांगितलं, पाण्याचा घोटही दिला नाही.”

“तिनं चोरून खाल्लं असेल,” सासू म्हणाली. “आहेच हावरट.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “गुरुवारी सकाळी तुला कोणी वाढलं गं?”

पडद्यामागे खाट करकरली. मग आवाज आला, “सासूबाईंनी. मी नको म्हणत होते, तरी वाढत राहिल्या. बाळासाठी खा म्हणाल्या.”

“माझ्या मुलाची इथं बदनामी चालली होती,” सासूचा आवाज चढला. “आईनं बघायचं नाही? मी त्याला फक्त सांगितलं. हात मी नाही मोडला.”

“नाही. तुम्ही ताट वाढलंत,” बाई म्हणाल्या.

पडदा सरकला. सून उठून बसली होती, डावा हात प्लास्टरमध्ये. ती सासूकडे न बघता सिस्टरला म्हणाली, “कागद आणा. उजवा हात आहे अजून.”

सिस्टरनं गळ्यातली किल्ली काढली. पाचला वीस मिनिटं कमी होती. सुनेनं दोन्ही कागदांवर सावकाश सही केली.

“लग्नाला चार वर्षं झाली,” ती पेन परत देत म्हणाली. “त्यांनी मला वाढलं ते तेवढंच. मी वाटभर तेच मनात घोळवत आले, की सासूबाई निवळल्या.”