जळण्याचं शिसं

तुर्कस्तानात, आमच्या कायसेरीत थंडीच्या आधी काही कोरडे दिवस येतात, तेव्हा घरोघर पास्तिर्मा घालतात. गाईच्या मांसाला मीठ चोळायचं, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं आणि वर मेथी-लसणाचा जाड लेप द्यायचा. सासऱ्यांच्या मागे माझा नवरा आणि धाकटा दीर वेगळे झाले, दुकानं मात्र शेजारी-शेजारी राहिली. कसाई एकच, वारा एकच. तरी गिऱ्हाईक सगळं दिराकडे, आणि आमच्याकडे माश्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात ती जाऊ, गुलीजार. पोटी मूल नाही, पण हसणार अशी की सगळं सुख हिच्याच वाट्याला आलंय. माझी सात वर्षांची नेसरीनसुद्धा शाळेतून थेट तिच्याकडे. तिकडे अंड्यावर पास्तिर्मा खाऊन यायची आणि माझं ताट सरकवायची.

"काकूचं गोड असतं."

मांसात गोडी कुठून आली? मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एक तुकडा रुमालात बांधून नेला. शिसं निघालं, चांगलं भरपूर. मला आधी आनंद झाला. नेसरीन नंतर आठवली.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून दाखवला. हिरड्यांच्या कडेने शिशाची निळी-काळी रेघ होती.

तशीच तडक गुलीजारकडे गेले. ती लेप कालवत होती.

"तुझ्या मालात शिसं आहे."

"असेल की," ती म्हणाली. "दुकानाला तुमची दृष्ट लागते, ताई. मग ती काढायला शिसं वितळवून पाण्यात ओतते नि त्याच पाण्यात मेथी भिजवते."

"अगं बये, विष आहे ते. पोरगी खाते माझी."

तिचा हात लेपातच राहिला. मग उठून तिने फडताळातून शिशाचा गोळा काढला. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

"सासूबाईंनी दिला तेव्हा अक्रोडाएवढा होता. दर वेळी दृष्ट काढली की वाढत गेला. मी यात बाहेरचं कणभर घातलेलं नाही."

मी हात लावून पाहिला. चूल विझलेली होती, गोळा कोमट होता.

"मी ओतायचं आजच बंद करते," ती म्हणाली. "पण तुम्हीही जळायचं थांबवा, ताई. पाया पडते तुमच्या."

तिने शब्द पाळला. सगळा माल खड्ड्यात पुरला, गोळाही पुरला, दुकानाला कुलूप लावलं. गिऱ्हाईक आपसूक आमच्याकडे वळलं. मला शांत झोप लागू लागली. रोज संध्याकाळी मी नेसरीनचा ओठ वर करून बघायची. रेघ फिकी होत चालली होती.

काल तशीच तिला उजेडात उभी केली. रेघ जेमतेम दिसत होती.

"काकूकडे गेले होते," ओठ मी धरलेलाच असताना ती बोबडं बोलली.

"काही खाल्लंस?"

"नाही. नुसती मांडीवर बसले."

"का गं?"

"तिथं बरं वाटतं. तुझ्यापेक्षा."

मी चेहरा हलू दिला नाही.

ओठ अजून माझ्या चिमटीत होता. हिरडीवरची रेघ माझ्या डोळ्यांदेखत, एका टोकापासून, सावकाश काळी होत गेली.