खानोलकर बाईंची बटणं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

माझ्या मावसभावाच्या घरात हे घडलं. सिद्धेशच्या. मुलुंड पूर्वेला, गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात.

आणि रात्री नाही. भरदुपारी.

भुतं रात्रीच येतात हे आपण आपल्या सोयीसाठी ठरवून ठेवलंय.

सिद्धेशचं काम घरूनच चालतं. मराठी मालिकांचे संवाद ऐकायचे आणि त्यांची इंग्रजी सबटायटल्स टाईप करायची. बायको अक्षता घाटकोपरला बँकेत. तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता आणि आमचा सिद्धेश हवेत तरंगत होता. बाळाला कसं उचलायचं, मान कशी सांभाळायची, याचे व्हिडिओ बघायचा. उशी हातात घेऊन सराव करायचा. "हात सॉलिड पाहिजेत रे, पहिल्या दिवसापासून मीच घेणार तिला," असं सारखं म्हणायचा. मुलगीच होणार हेही त्यानेच ठरवलं होतं.

आम्ही हसायचो त्याला. आता हसत नाही.

त्याचं दुसरं वेड म्हणजे कीबोर्ड. ज्याला हे वेड नाही त्याला ते सांगून कळत नाही. ऑफिसातल्या चपट्या कीबोर्डला तो 'मेलेली बटणं' म्हणायचा. त्याला हवा होता जुन्या टाइपरायटरसारखा. गोल बटणं, भोवती धातूचं कडं, वर काच. दाबलं की खोल जाऊन 'ठक्क' वाजलं पाहिजे. अक्षर उमटल्याचं बोटाला कळलं पाहिजे. हल्ली तसे नवे कीबोर्ड तयार मिळतात, त्याच्याकडे दोन होतेही. पण त्यांची बटणं प्लास्टिकची. नुसती सोंगं.

त्याला खरी बटणं हवी होती.

गंमत म्हणजे, एवढा शौकीन माणूस टाईप करायचा चार बोटांनी. खाली बघून. एकेक अक्षर शोधत.

हे लक्षात ठेवा.

मुलुंडलाच पिठाच्या गिरणीवर एक टायपिंग क्लास होता. खानोलकर बाईंचा. बाई वारल्या, क्लास बंद पडला, आणि त्यांचा भाचा निलेश मशीन विकायला बसला. सिद्धेश तिथे पोचला तेव्हा एकच मशीन उरलं होतं. कोपऱ्यात, कव्हर घातलेलं.

"हे आत्याचं स्वतःचं," निलेश म्हणाला. "कोणाला हात लावू द्यायची नाही. याच्यासमोर बसलेली असतानाच गेली ती. घेऊन जा यार, मला घरात नको."

सिद्धेशने कव्हर काढलं. बटणं सुरेख होती, पण एकाही बटणावर अक्षर दिसत नव्हतं. प्रत्येकावर काळ्या कागदाची गोल चकती चिकटवलेली. अगदी काटेकोर कापलेली.

घरी आणून त्याने पक्कड घेतली आणि मशीनची सगळी बटणं उपटली. मग कोमट पाण्यात बुडवून एकेक काळी चकती नखाने खरवडून काढली. खालची अक्षरं इतकी देखणी निघाली की त्याने मला लगेच फोटो पाठवला. बटणं नव्या मेकॅनिकल कीबोर्डवर बसवली. मशीनचा सांगाडा भंगारात गेला.

कीबोर्ड झकासच झाला होता, खोटं का बोलू? मी स्वतः त्यावर बोटं फिरवून आलो. तो आवाज कानाला गोड लागायचा. उगीचच काहीतरी टाईप करावंसं वाटायचं.

अक्षता मात्र म्हणाली, "घरात सुतार बसवलाय की काय?"

पहिला आठवडा बरा गेला.

मग खालच्या मजल्यावरची दीप्ती जिन्यात भेटली. तिचं लेकरू दुपारी झोपतं. ती तडकलीच होती.

"सिद्धेश, काल दुपारभर काय चाललं होतं रे? ठक ठक ठक ठक. थोडी तरी दया कर ना."

"काल? काल मी घरातच नव्हतो. वांद्र्याला मीटिंग होती."

"मग अक्षता असेल."

अक्षता बँकेत होती.

घराला कुलूप होतं.

सिद्धेशने ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात चहा टाकत होता आणि बाहेरच्या खोलीतून...

ठक ठक ठक ठक ठक ठक.

मग शांतता.

ठक ठक ठक ठक ठक ठक.

पुन्हा शांतता.

सहा ठोके, एक थांबा. एकही ठोका मागेपुढे नाही. तो बाहेर धावला. खुर्ची रिकामी. आवाज बंद. स्क्रीनवर मात्र ओळींमागून ओळी उमटलेल्या.

asdfgf ;lkjhj asdfgf ;lkjhj

टायपिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, हा पहिला धडा असतो. सिद्धेश कधी क्लासला गेला नव्हता. त्याला वाटलं, काहीतरी शॉर्ट झालंय. त्याने वायर काढून ठेवली आणि चहा घ्यायला आत गेला.

कप हातात घेतला आणि बाहेरून...

ठक ठक ठक ठक ठक ठक.

वायर टेबलावर वेटोळं करून पडलेली होती.

आता त्याने तिथेच तो कीबोर्ड फेकायला हवा होता. कुणीही फेकला असता. पण वेड ते वेड. शिवाय एका मालिकेचं काम गळ्याशी आलं होतं. त्याने वायर जोडली आणि कामाला बसला. पहिलं अक्षर शोधायला खाली बघितलं...

सट्ट!

बोटांच्या पेरांवर आग झाली. त्याने हात झटकला. चारही बोटांवर एक सरळ लाल रेघ. फूटपट्टीने मारल्यासारखी.

खोलीत कुणी नव्हतं. फक्त मशीनच्या तेलाचा वास. घरात मशीन नव्हतंच, ते कधीच भंगारात गेलं होतं.

त्याने पुन्हा खाली बघितलं.

सट्ट!

मान वर ठेवली की काही नाही. खाली बघितलं की रेघ. संध्याकाळपर्यंत त्याची बोटं इतकी सुजली की चमचा धरवेना. अक्षताने वरणभात भरवला आणि भरवता भरवता ती रडायला लागली. "या हातांनी बाळ घेणारेस तू?" एवढंच म्हणाली.

सिद्धेश तेव्हा पहिल्यांदा घाबरला.

त्याने दुसरा कीबोर्ड लावून बघितला. लॅपटॉपचा वापरून बघितला. खाली नजर गेली की रेघ पडायचीच. म्हणजे ते आता बटणांपुरतं राहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी वनमालामावशी, म्हणजे सिद्धेशची आई, बोरिवलीहून आली. मावशी मूळची मालवणकडची. लग्नाआधी मुलुंडला मामाकडे राहून टायपिंग शिकली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कोणत्या क्लासला, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

दुपारी ती मासे साफ करत होती. सिद्धेश दारात उभा राहून तिच्याशी बोलत होता. आणि बाहेरून...

ठक ठक ठक ठक ठक ठक.

मावशीच्या हातातली सुरी गळून पडली. पाठ ताठ झाली. दोन्ही हात आपोआप वर उचलले गेले आणि बोटं हवेत वाकली. मान सरळ, डोळे समोर. साठीची बाई शाळकरी पोरीसारखी उभी राहिली.

"आई?"

"गप," ती पुटपुटली. "बाईंचो क्लास चालू आसा."

आवाज थांबल्यावरच तिने हात खाली घेतले. मग बाहेर येऊन कीबोर्ड बघितला. उघडी अक्षरं बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"त्यावरचे काळे कागद खंय गेले?"

"काढले मी. चांगले दिसत नव्हते."

"मेल्या, ते बाईंनी आपल्या हातान लावलेले!" मावशी ओरडली. "कोणी खाली बघू नये म्हणून. माका माहित आसा ती फूटपट्टी. डोळे कागदार, बोटां मशीनर. जो बघी, तेका मार. एक पान बिनचूक झाल्याबगर उठाक देयत नसत. माझी मैत्रीण तहानेन कासावीस झाली, तरी उठाक दिल्यानी नाय."

तिच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही राग होता. आणि भीती.

मग तिने वाद घातला नाही. काळा कागद मागवला, बटणाच्या आकाराचं झाकण शोधत न बसता सरळ नाण्याभोवती पेन्सिल फिरवून चकत्या कापल्या आणि सगळ्या बटणांवर चिकटवल्या. सिद्धेशला खुर्चीत बसवलं. त्याचे सुजलेले हात कीबोर्डवर ठेवले आणि त्यावर आपला मोठा रुमाल पसरला. क्लासात बाई असाच टाकायच्या म्हणे.

"एक पान. बिनचूक. मगे सुटशील."

"आई, मला येत नाही न बघता!"

"येतला. त्या शिकवतत."

अक्षता सोफ्यावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. त्या दिवशी तिने रजा घेतली होती. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

सिद्धेशने समोर बघून सुरुवात केली. चुकला. सट्ट! ओळ पुन्हा. चुकला. सट्ट! रुमालावर रक्ताचा ठिपका आला. मावशी बाजूला उभी राहून पुटपुटत होती, "पाठ सरळ... करंगळी वापर..."

मग हळूहळू त्याच्या बोटांना काहीतरी झालं. जी सहा बोटं त्याने आयुष्यात कधी वापरली नव्हती, ती आपसूक पडायला लागली. थंड पडली होती, तो म्हणाला. कुणीतरी वरून आपली बोटं ठेवली होती, असंही म्हणाला.

पान भरलं. एकही चूक नाही.

"झाला," मावशी म्हणाली. "काढ हात."

त्याने रुमालाखालून दोन्ही हात बाहेर काढले.

रुमालाखाली...

अजून काहीतरी हलत होतं.

ठक ठक ठक ठक ठक ठक.

मग तेही थांबलं. रुमाल सपाट झाला. आणि त्याच क्षणी अक्षता किंचाळली.

"हललं! सिद्धू, बाळ हललं! पहिल्यांदाच!"

किती आनंद झाला म्हणून सांगू त्यांना! मावशीने देवापुढे साखर ठेवली. संकट गेलं आणि बाळाने कौल दिला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही फोनवर ऐकताना तसंच वाटलं होतं.

रविवारी मी आणि सिद्धेश तो कीबोर्ड पिशवीत घालून मार्वेला गेलो. मनोरीच्या फेरीबोटीत बसलो आणि मधोमध आल्यावर पिशवी खाडीत सोडली. परत येताना सिद्धेशने घाबरत घाबरत आपल्या हातांकडे बघितलं. काहीच झालं नाही. तो हात बघत राहिला, उलटेसुलटे करून. रडलाच थोडा. मी म्हटलं, सुटलास रे बाबा.

पुढे सगळं शांत. रेघा पुसट झाल्या. सिद्धेश दहाही बोटांनी, न बघता, भन्नाट वेगाने टाईप करायला लागला. ऑफिसात कौतुक झालं.

फेब्रुवारीत मुलगी झाली.

मी बारशाला गेलो. पाळणा सजवलेला, पोरगी गोड. उकडत होतं, तरी तिच्या दोन्ही हातांना मोजे घातलेले आणि मनगटाशी नाडीने घट्ट बांधलेले. मी सहज म्हटलं, "मावशी, गरमीत काढ की ते."

मावशीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी विषय सोडला.

नंतर सिद्धेश मला गॅलरीत घेऊन गेला. दार लावून घेतलं.

"हॉस्पिटलात पहिल्या दिवशी माझ्या हातात दिली तिला," तो म्हणाला. "मूठ उघडली तिने. मी बोटं मोजली रे. सगळेच बाप मोजतात ना? मी खाली बघून मोजली..."

त्याने बंद दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आणि ती किंचाळली. चारही बोटांवर, पेरांवर... सरळ लाल रेघ."

डॉक्टर म्हणाले, झबल्याची नाडी घासली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. दुसऱ्या कुणी बघितलं तर काही होत नाही. फक्त सिद्धेशची नजर तिच्या उघड्या हातांवर पडली की. तेव्हापासून मोजे. तिला अंघोळ घालतात तेव्हा सिद्धेश बिल्डिंगखाली जाऊन उभा राहतो.

मोजे किती दिवस पुरणार? पोरगी रांगेल, भात कालवेल, बापाचं बोट धरेल. हे मी त्याला विचारलं नाही. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हे सगळं मी फोनला तोंडी सांगून त्याच्याकडूनच लिहून घेतलं आहे. टाईप करायची हिंमत झाली नाही.

परवा अक्षताशी बोलणं झालं. म्हणाली, पोर शहाणी आहे, रात्री अजिबात त्रास देत नाही. फक्त दुपारी झोपेत तिची बोटं मोज्यांच्या आत हलतात. थांबतात. पुन्हा हलतात. सिद्धेश पाळण्याशी बसून ते ठोके मोजत असतो, कुठे चूक होते का ते बघत.

अजून एकदाही झालेली नाही.