बिननावाचं चित्र

“माह्या बुवाचं भूत झालं, शालिग्रामभाऊ!”

गोजराबाईंनी आरत्यांची छापील पुस्तिका पुढे टाकली. मुखपृष्ठावरून त्यांचे कीर्तनकार नवरे मारोतबुवा टक लावून बघत होते. खाली ‘जय हरी’. बुवा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी कीर्तनात ‘हरी’ म्हटलं, की मागच्या रांगेतली म्हातारीही टाळी धरायची.

सन १९३६. वाशीमच्या कोर्टातली कारकुनी सोडून शालिग्राम शोधाची कामं घेत. त्यांनी भिंग उचललं. त्यांचे मित्र जानराव सुपारी कातरता कातरता थांबले.

“बुवांनी कधी फोटो काढला होता?”

“कधीच नाही. मी किती मागे लागली! थे नुसते हासत. आन् हे पाहा, बैलाचं शिंग लागून त्यायच्या उजव्या कानाची पाळी फाटली होती. इथं डावी! भुताचं सारं उलटंच असते ना? जलमभर हरिनाम गायलं, तरी गती नाही भेटली काय त्यायले?”

दोन दिवस बाईंच्या पोटात अन्न नव्हतं. घरातला आरसाही त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवला होता.

“आरसा काहून?” जानरावांनी विचारलं.

“बुवा दिसतीन म्हणून. शेवटच्या आजारात त्याच्याच पुढं बसत. मी चिडवो, गंध लावायले येवढा येळ? नवरदेव व्हाचं हाये काय?”

बाईंनी सोबत आणलेली बुवांची पदांची वही शालिग्रामांनी चाळली. समासात मोर, वेली, पोपट काढलेले. वहीची शिवण मात्र नवी.

“मले वाचता येत नाही, मी कधी उघडली नाही. गेल्या साली याच छापखान्यात शिवून आणली,” बाई पुस्तिका दाखवत म्हणाल्या.

छापखान्याचे मालक मदनसिंग शाईचे हात पुसत राहिले. “मुंबईच्या नमुन्याच्या पुस्तकातलं चित्र हाये. फुकटचं. कोनीबी छापावं.”

“फाटक्या कानाचा नमुना?” जानराव म्हणाले.

मदनसिंग पुन्हा हात पुसू लागले.

ठसा कोरणारे लखीराम मात्र मोकळेपणानं बोलले. “मालकांनं पिवळा कागद देला. कडेले सुईची भोकं होती. अक्षरासकट जसंच्या तसं उमटंल, असं कोरलं मी.”

संध्याकाळी सारे गोजराबाईंच्या ओसरीवर जमले.

“सुईची भोकं,” शालिग्राम म्हणाले, “म्हणजे कागद वहीतला. शिवताना मदनसिंगांनी काढून घेतला.”

मदनसिंगांची मान खाली गेली. “त्याच्यावर नाव नव्हतं. मले वाटलं, कोनाचंच नाही.”

“नाव नसलं म्हणजे मालक नसतो? कायद्यानं चित्र काढणाऱ्याचं. तो गेल्यावरही पन्नास वर्षं वारसांचं.”

“पण कान?” जानराव म्हणाले. “ठसा कोरताना उलटापालट झाली असंल.”

“मग ‘जय हरी’ही उलटं उमटलं असतं. ठसा बरोबर आहे. कागदावरच डावा कान फाटका होता.”

शालिग्रामांनी भिंतीकडचा आरसा सुलटा केला. गोजराबाईंनी डोळे मिटले.

“जानराव, उजवा कान धरा. आरशातल्या माणसानं कोणता धरला?”

“डावा!”

“मोर काढणाऱ्या हातानंच हे काढलं, आरशात पाहून. बाई, बुवा गंध लावत नव्हते. तुम्ही फोटो मागत होतात ना?”

बाईंनी डोळे उघडून आरशात पाहिलं.

“मंग थे भटकून नाही राह्यले?”

“नाही. तुमच्यासाठी वहीत बसले होते.”

मदनसिंगांनी पिवळा कागद दोन्ही हातांनी पुढे केला. “माय, चुकलो. जाळू काय सारी पुस्तकं?”

“जाळता कायले? आता मले इचारलं ना? मंग छापा. पण खाली बुवाचं नाव टाका.”

बाईंनी पदरानं आरसा पुसला, कोनाड्यात नीट उभा केला आणि चुलीकडे वळल्या.

“बसा सारे. भाकर टाकतो. मलेबी भूक लागली.”