टोकाला विरलेला मोजा

मोजा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा मोजेवाल्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या, कापलेल्या हातापायांसाठी घट्ट मोजे विणायचं. असा मोजा खुंटावर दिवसरात्र चढवला की सूज उतरते, आकार येतो, मग साचा घेऊन कृत्रिम पाय बसवतात. बावीस वर्षांत त्यांच्या सुताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हा मोजा मात्र बंद टोकाला पार विरला होता.

मोजा होता एका गवंड्याचा. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला.

"खुंट टेकवून चालतो लेकाचा," मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "वर सांगतो, नसलेल्या पायाची बोटं मोज्यात चुरगळतात. नुसती नाटकं. सूज तशीच आहे. यादीतून नाव काढतोय त्याचं."

नाव गेलं की कृत्रिम पाय गेला, आणि पाय गेला की पोटावरच पाय आला. मावशी म्हणाल्या, "आधी मी बघून येते. मग काय काढायचं ते काढा."

भर दुपारी त्या गवंड्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या. कोरा मोजा स्वतःच्या हाताने चढवला आणि खुर्ची ओढून समोर ठाण मांडलं. खोटं बोलत असेल तर आज सापडलाच म्हणून समजा. गवंडी खाटेवर पडला, खुंट उशीवर ठेवून. त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पाय कुठे टाकला, एवढंच विचारलं होतं मी," तो छताकडे बघत म्हणाला. "इस्पितळातले हसले हो. म्हणे, कापलेल्या पायाची काय पावती देतात का."

मावशी मनातल्या मनात चरफडल्या. माणसाचा पाय तो, काय केर होता? थोड्या वेळाने त्याला झोप लागली.

मग फरशीवर पाऊल वाजलं. अनवाणी. एकच. जरा थांबून पुन्हा एक. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. ओल्या सिमेंटचा वास आला. खुंट उशीवरून तसूभरही हलला नव्हता.

"वर कोण राहतं?" मावशींनी विचारलं.

"वर गच्ची आहे. कुलूप असतं," बायको म्हणाली आणि पुढची घडी घालू लागली.

तो उठला तेव्हा नव्या मोज्याच्या टोकातून कातडी दिसत होती.

मावशी घाबरल्या, नाही असं नाही. पण त्याहून जास्त चिडल्या. खरं बोलणाऱ्या माणसाला नाटकी म्हणता? बोटं चुरगळतात ना, मग घ्या बोटांना जागा. नियम बसवला धाब्यावर, आणि त्यांनी टाचेसकट, बोटांसकट अख्खा मोजा विणला.

आठ दिवसांत सूज उतरली. मावशींनी तो वापरलेला मोजा डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. टाच झिजलेली, पुढे अंगठ्याचं भोक.

"आता बोला."

डॉक्टरांनी उद्याच्या साच्याच्या कागदावर सही केली. मग मोजा टाच खाली, बोटं पुढे करून नीट मांडला. भोकावर बोट ठेवलं.

"मावशी, पाय कुठला गेलाय त्याचा?"

"उजवा. तुम्हीच कापलात."

असा मोजा विणताना डावा-उजवा नसतो. ते घालणाऱ्याचा पाय ठरवतो. उजव्या पायाचा अंगठा डाव्या अंगाला असतो; हे भोक उजव्या अंगाला होतं. मावशींनी टाच पुन्हा तपासली. मोजा उलटा नव्हता.

मोज्यातला पाय डावा होता.

डॉक्टरांनी मोजा हळूच लांब सरकवला.

त्या तडक गवंड्याकडे गेल्या. म्हणाल्या, "उद्या दहाला साचा घ्यायचाय. तयार राहा."

"नको, मावशी."

"नको? मी तिथे घसा फोडून भांडले, आणि तुझं नको?"

"हा पाय माझा नाही," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. पण ह्यालाही कुणी विचारलं नाही. लाकडाचा बसवला, तर हा कुठे जाईल?"



बायकोने पुढे होऊन त्याच्या अंगावर चादर ओढली. खुंटाच्या पुढे ती सपाट पडली नाही.