पाळण्यावर वाकलेली बाई

भावाचं घर सांभाळायला हेस्टर ओहायोहून न्यूयॉर्कला आली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तिला वाटलं होतं, अँब्रोज डोंगर-नद्यांची चित्रं काढत असेल. हा गडी खिडकीत बसून समोरच्या बिऱ्हाडांचे संसार तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा आणि त्यांचे कागदावर छाप काढायचा. कुणाची धुणी, कुणाची भांडणं!

"लोकांच्या घरात डोकावतोस, लाज नाही वाटत?" ती करवादायची.

त्या दुपारी बर्फाने अंधारून आलं होतं. खोलीत शाईचा आणि तेजाबाचा उग्र वास कोंडला होता. अँब्रोजने दाबयंत्र फिरवलं, पत्र्यावरून ओला कागद हलकेच सोलून काढला आणि हेस्टरपुढे धरला.

चित्रात चौकापलीकडच्या शेजारणीचं, फिलोमेनाचं स्वयंपाकघर होतं. मागच्या भिंतीशी शेगडी, शेगडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाळणा, त्यांत तिची जुळी. आणि डाव्या पाळण्यावर वाकलेली एक उंच बाई.

"ही कोण रे?"

"मी नाही काढली, ताई... काल ती दाराशी उमटली होती. मी तेवढा पत्रा घासून गुळगुळीत केला. आज ती..."

ती बाई त्या पोराला न्यायला आलीय, हेस्टरने ओळखलं. या आठवड्यात तिने त्या लेकरांना किती वेळा मांडीवर घेतलं होतं! अँब्रोज मागून काहीतरी ओरडत होता, पण ती शाल ओढून कधीच जिना उतरली होती.

"निनोला जरा माझ्याकडे दे," शेगडीच्या डावीकडचं पोर उचलत ती म्हणाली.

"एक कशाला, दोन्ही ने!" फिलोमेना हसली. "सकाळपासून रडून डोकं उठवलंय मेल्यांनी."

"एकच पुरे," म्हणत हेस्टर धावतच परतली.

अँब्रोज दारातच उभा होता. "कोणता आणलास?"

"डावा. वाचला बिचारा!"

"अगं ताई, पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं! कागदावर डावं, ते तिकडे उजवं..."

 पोराला छातीशी धरून हेस्टरने खिडकी उघडली.

"फिलोमेना! साल्वोला उचल! आधी उचल त्याला!"

हात पुसत फिलोमेना समोरच्या खिडकीत आली.

"आता कुठून उचलू? तू गेलीस आणि मागोमाग ती उंच बाई आली ना... तूच पाठवलंय म्हणाली. तिच्याकडे दिला मी."