उसनं बोट

दवाखान्याचं दार आता माणूस उघडत नसे. दाराशी बोट टोचायचं, रक्ताचा थेंब साक्षीपट्टीवर ठेवायचा. पट्टी लाल झाली तर डेंग्यू, दार उघडे. पांढरी राहिली तर घरी. डास बारमाही झाल्यापासून खाटा थोड्या आणि ताप उदंड, म्हणून भांडणं मिटवायला हा न्याय आला होता.

मंजूषाबाईंची पट्टी पुन्हा पांढरीच राहिली. अंगभर पुरळ, हिरड्यांतून रक्त. त्या बाकावर धाकट्या जावेच्या, रूपालीकाकूंच्या, खांद्यावर कलंडल्या होत्या.

"पट्टीलासुद्धा मी पसंत नाही गं," त्या पुटपुटल्या. "सासूबाईंसारखीच."

"बोलू नका जाऊबाई, दम लागतो."

डॉक्टर झोया तांबोळी बाहेर आल्या. लेकीच्या वयाची पोर, जागरणाने डोळे खोल गेलेले.

"काकू, पट्टी चोर शोधत नाही, साक्षीदाराला विचारते. विषाणू रक्तात थोडेच दिवस सापडतो. मग उरतात ती शरीराने त्याच्याशी लढायला केलेली प्रतिपिंडं. त्यातली ताजी असतील तरच पट्टी लाल होते."

"मग यांची कुठे गेली?"

"यांना तरुणपणी डेंग्यू होऊन गेलाय. दुसऱ्या खेपेला शरीर जुन्याच धर्तीची प्रतिपिंडं भराभर काढतं. ताजी इतकी थोडी, की पट्टीला कधी दिसतच नाहीत. आणि दुसरी खेपच जास्त वाईट. आधी आणलं असतं तर विषाणूच पकडला असता."

काकूंनी जाऊबाईंच्या अंगावरचा पदर नीट केला. घरच्या रीतीने ताप अंगावर काढला होता; गवती चहाचा काढा पाजून घामाची वाट बघत.

"तुम्हाला कळतंय ना डेंग्यू आहे? मग घ्या आत."

"मला कळून काय उपयोग? दार पट्टीचं ऐकतं."

पूर्वीचे डॉक्टर पोट दाबून बघत, जीभ काढायला लावत, घरात अजून कोण आजारी ते विचारत. चुकतही. पण त्यांच्याशी भांडता यायचं.

"मला गेल्या पावसाळ्यात झाला होता. माझी पट्टी काय म्हणेल?" काकूंनी विचारलं.

"लाल होईलही. ताजी प्रतिपिंडं काही जणांत महिनोन्महिने रेंगाळतात, माणूस ठणठणीत असला तरी..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. मग पाठ फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या.

काकूंनी मंजूषाबाईंच्या नावाच्या नव्या पट्टीवर आपलं टोचलेलं बोट टेकवलं. दार उघडलं.

"आजवर माझ्या साड्या नेसलीस," मंजूषाबाई आत जाता जाता म्हणाल्या, "फिटलं हो सगळं."

त्या वाचल्या. पण घरी आल्यावर त्यांना गप्प बसवेना. आळीभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विरजण मागायला यावीत तशी माणसं दारात उभी होती. प्रत्येकाच्या आधाराने कुणीतरी तापलेलं.

"काकू, जरा बोट देता?"

त्यातला खरा डेंग्यू कुणाचा? काकू एकेकाच्या कपाळाला हात लावत गेल्या. सगळी कपाळं सारखीच कढत होती. आणि दवाखान्यात त्या दिवशी एकच खाट रिकामी होती, जाऊबाई उठून आल्या ती.